जन्म फ्रान्सचा, हॉल फ्रान्सचा, मेडल अल्जेरियाचं : कायलिया नेमूर

तूरडाळ | ५ ऑगस्ट २०२४, १४:१०

काल दुपारी आमच्या बिल्डिंगमध्ये जे झालं ते कुठेतरी लिहायलाच हवं होतं, नवऱ्याला तिसऱ्यांदा सांगायला गेले तर तो उठून भांडी घासायला लागला, म्हणून इथे.

रविवार, जेवणं आवरून टीव्हीसमोर बसलेलो. पॅरिस ऑलिंपिक, बेर्सी अरेनात मुलींच्या जिम्नॅस्टिक्समधली अनइव्हन बार्सची (कमीजास्त उंचीच्या दोन दांड्यांवरच्या कसरतींची) फायनल. कायलिया नेमूरचा स्कोअर लागला १५.७०० आणि वरच्या मजल्यावरच्या काकू बाल्कनीत येऊन ते जीभ हलवत 'यू-यू-यू-यू' करतात ना लग्नात, ते सुरू! समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी तसंच उत्तर दिलं, मग पार्किंगमधून एक हॉर्न, मग दुसरा. काकू मूळच्या अल्जेरियाच्या, चाळीसेक वर्षं इथेच फ्रान्समध्ये. लिफ्टमध्ये बोंजूरच्या पुढे आमचं कधी बोलणं नाही आणि काल त्यांनी खाली येऊन माझ्या मुलीच्या हातात खजूर भरलेली बिस्किटं ठेवली, का तर ती पण जिम्नॅस्टिक्सला जाते म्हणून.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कायलिया १७ वर्षांची आहे. आई फ्रेंच, वडील अल्जेरियन. जन्म फ्रान्समधला, लहानपण फ्रान्समधलं, ट्रेनिंग आव्वान नावाच्या गावात, जे आमच्या तूरपासून गाडीने तासाभराच्या आत आहे. (हो, मी तूर शहरात राहते, म्हणून आयडी तूरडाळ. दर धाग्यावर कुणीतरी विचारतंच.) आव्वान म्हणजे नकाशावर शोधावं लागेल असं गाव, वस्ती जेमतेम दोन हजाराच्या आसपास, पण बाजूलाच अणुऊर्जा केंद्र. आणि तिथल्या क्लबमधली मुलगी ऑलिंपिक गोल्ड घेऊन आली, अल्जेरियाच्या नावावर. आख्ख्या आफ्रिका खंडाचं ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्समधलं हे पहिलं मेडल. चीनची च्यू चीयुआन दुसरी १५.५००, अमेरिकेची सुनी ली तिसरी १४.८००.

फ्रान्सकडून का नाही, तर गुडघे. २०२१ मध्ये गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, नंतर तिच्या सर्जनने खेळायला परवानगी दिली पण फ्रेंच फेडरेशनच्या डॉक्टरांनी दिली नाही, क्लब आणि फेडरेशनची जुंपली, आणि शेवटी घरच्यांनी ठरवलं की वडलांकडचा देश आहे ना, तिथून खेळ. तर फेडरेशन सोडायला तयार नाही. नियम असा की जुन्या फेडरेशनने सोडलं नाही तर वाट बघत बसायचं, आणि मे २०२३ मध्ये प्रिटोरियाला आफ्रिकन चॅम्पियनशिप होती, ती हुकली की वर्ल्ड्स (वर्ल्ड चॅम्पियनशिप) हुकणार आणि वर्ल्ड्स हुकली की पॅरिसचं सगळंच अवघड. शेवटी फ्रान्सच्या क्रीडामंत्र्यांनी लक्ष घातलं तेव्हा पोरगी सुटली. प्रिटोरियात जिंकली, त्याच वर्षी अँटवर्पला वर्ल्ड्समध्ये बार्सवर सिल्व्हर, आणि काल हे.

गंमत म्हणजे ती कुठे गेलीच नाही. तोच हॉल, तेच कोच, तीच गादी. फक्त लिओटार्डवरची अक्षरं बदलली.

मुलीने काल मला विचारलं, आई मग हे मेडल कुणाचं? मी म्हटलं तिचं. ती म्हणाली ते माहितीये गं, पण कुणाचं? नऊ वर्षांची आहे. तुम्हीच सांगा काय सांगू.

उकडीचा_मोदक | ५ ऑगस्ट २०२४, १४:३२

मस्त लिहिलंय. ते बाल्कनीतलं वाचून काटा आला. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

खवट_शेंगदाणा | ५ ऑगस्ट २०२४, १४:५५

अभिनंदन वगैरे ठीक आहे पण मला हे पक्षांतरासारखं वाटतं. तिकीट नाकारलं की दुसऱ्या पक्षात. फ्रान्सने परवानगी दिली असती तर हीच मुलगी काल फ्रान्सच्या झेंड्याखाली उभी असती आणि अल्जेरिया आठवलाही नसता. तेव्हा 'मूळ मायभूमीची ओढ' वगैरे गहिवर नको. फ्रान्सच्या करदात्यांच्या पैशाने हॉल बांधायचा आणि मेडल दुसऱ्याने न्यायचं.

तूरडाळ | ५ ऑगस्ट २०२४, १५:०३

गहिवर मी कुठे काढला? ओढ हा शब्दच नाहीये वर.

पुस्तकी_किडा | ५ ऑगस्ट २०२४, १५:४०

शेंगदाणेराव, फ्रान्सच्या पैशाचा हिशोब काढायचाच तर जरा मागून काढूया. १८३० ते १९६२ अल्जेरिया फ्रान्सच्या ताब्यात होता, आणि ताब्यात म्हणजे नुसती वसाहत नाही, उत्तरेकडचा भाग तर चक्क फ्रान्सचे जिल्हे म्हणून मोजायचे. सुटायला १९५४ ते ६२ आठ वर्षं युद्ध. हे दोन देश आपल्यासारखे 'तुम्ही तुमच्या घरी आम्ही आमच्या' असे कधी झालेच नाहीत, फ्रान्समध्ये लाखो घरं अशी आहेत की आजोबा तिकडचे नातू इकडचा.

उद्घाटनाला एक गोष्ट झाली ती किती जणांच्या लक्षात आली माहीत नाही. २६ जुलैला सगळे देश सीन नदीतून बोटीने आले ना, तेव्हा अल्जेरियाच्या टीमने नदीत लाल गुलाब टाकले. कारण १७ ऑक्टोबर १९६१. त्या रात्री पॅरिसमध्ये अल्जेरियन लोकांचा मोर्चा होता आणि पोलिसांनी कित्येकांना मारलं, कित्येकांना सीनमध्ये फेकलं. काल ज्या बेर्सीत हे मेडल मिळालं ते त्याच नदीच्या काठावर. मी टीव्हीवर फूल पडताना बघितलं आणि चहाचा कप तसाच हातात राहिला.

आणि खेळाडूंनी झेंडा बदलण्याचा प्रकार नवीन नाही. १९५८ मध्ये, वर्ल्ड कपच्या तोंडावर, फ्रान्सच्या लीगमधले अल्जेरियन वंशाचे फुटबॉलर एप्रिल महिन्यात गुपचूप देश सोडून पळाले आणि स्वातंत्र्य मागणाऱ्या एफएलएनची टीम काढली. रशीद मेखलूफी सेंट एटियेनचा स्टार, झितूनी तर फ्रान्सच्या वर्ल्ड कप टीमचा भरवशाचा गडी. देशच अजून अस्तित्वात नाही आणि त्याची टीम! युद्ध संपल्यावर मेखलूफी परत सेंट एटियेनलाच खेळायला आला.

चिंचपोकळी_लोकल | ५ ऑगस्ट २०२४, १५:५२

हे मेखलूफी प्रकरण माहीतच नव्हतं. यावर वेगळा धागा काढा की राव.

झिदानचे आईवडील पण अल्जेरियाचेच ना? तो फ्रान्सकडून खेळला आणि महरेझ पॅरिसजवळ जन्मून अल्जेरियाकडून.

पुस्तकी_किडा | ५ ऑगस्ट २०२४, १६:०५

हो. झिदानचं कुटुंब काबिलीचं, तो मार्सेचा. महरेझ सार्सेलचा, २०१९ चा आफ्रिकन कप त्याच्या कॅप्टनशिपखाली. दोघेही दोन्हीकडे आपलेच.

खवट_शेंगदाणा | ५ ऑगस्ट २०२४, १६:२०

इतिहास वाचून माहिती वाढली, धन्यवाद. पण १७ वर्षांच्या मुलीने गुडघ्याच्या रिपोर्टवरून देश बदलला त्याला १९६१ चिकटवणं मला पटत नाही. तिने स्वतः असं काही म्हटलंय का?

पुस्तकी_किडा | ५ ऑगस्ट २०२४, १६:२४

तिच्या तोंडी मी काहीच घातलेलं नाही. बाल्कनीतल्या काकूंना यू-यू का सुचलं ते सांगतोय.

एरंडेल | ५ ऑगस्ट २०२४, १८:४५

धाग्यावर सगळे झेंड्याबद्दल बोलतायत, तिने केलं काय याबद्दल कुणीच नाही, म्हणून माझे दोन पैसे. मी लहानपणी दादरला दोरीचा मल्लखांब केलाय (पुरलेला पण, एरंडेल तेलाचा तो वास अजून नाकात आहे, आयडी तिथूनच), त्यामुळे लटकणे या विषयात मी स्वतःला अधिकारी समजतो. कृपया हलके घ्या.

दोन बार असतात, वरचा अडीच मीटरवर, खालचा एक मीटर सत्तरवर. स्कोअरचे दोन भाग. एक कठीणपणाचा, म्हणजे तू काय काय करून दाखवलंस त्याची बेरीज, त्याला वरची मर्यादा नाही. दुसरा सफाईचा, दहापैकी, इथून फक्त कापतात. गुडघा वाकला कापा, अंगठा ताणलेला नाही कापा, हँडस्टँड पूर्ण सरळ होण्याआधीच खाली आलीस कापा, पडलीस तर सरळ एक अख्खा पॉइंट गेला. काल तिचा कठीणपणा ७.२ आणि सफाई ८.५००. या ७.२ चा अर्थ असा की ती बार सोडते, हवेत जाते, परत पकडते, आणि पकडल्या पकडल्या श्वास न घेता लगेच परत सोडते. आपल्यासारखे लोक एका सुटक्यानंतर दोन झोके घेऊन देवाचं नाव घेतील. जोडाजोडीचे बोनस मार्क असतात आणि तिचा सगळा खेळ त्या जोडाजोडीवर आहे. हातपाय लांब आहेत तिचे, लांब हातपायाची मुलगी बारवर सुंदर दिसते पण तिला खालचा बार चुकवायला जास्त कसरत करावी लागते, हेही लक्षात घ्या.

आणि हात! ग्रिप (हाताला बांधायची चामडी) लावली, पांढरी पावडर चोपडली तरी तळव्याची सालटी निघतात. आम्ही राळ लावायचो आणि तरी आईला रात्री हळद लावायला लागायची. त्यात गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली मुलगी रोज त्या बारवरून उडी मारून गादीवर दोन पायांवर उतरते. फेडरेशनच्या डॉक्टरांना काळजी वाटली असेल तर ती खोटी म्हणणार नाही मी, हेही सांगतो. पण सर्जन एक सांगतो आणि ऑफिस दुसरं सांगतं अशा वेळी खेळाडूचं वर्ष जातं, आणि या खेळात वर्ष म्हणजे फार झालं.

तूरडाळ | ५ ऑगस्ट २०२४, १९:१०

एरंडेलकाका दंडवत. मुलीला वाचून दाखवलं. तिने हाताची सालटी दाखवली, एकच आहे पण फार अभिमान आहे.

अजून एक राहिलं. फ्रान्सच्या मुलींच्या टीमने गेल्या वर्षी वर्ल्ड्सला ब्राँझ घेतलं होतं आणि इथे घरच्या मैदानावर टीम फायनललासुद्धा पोचल्या नाहीत. इथे सगळे तेच चघळतायत. बेकरीत, शाळेच्या गेटवर. सोडायला नको होतं, सोडायला नको होतं.

बे_एरियाची_बाय | ६ ऑगस्ट २०२४, ०९:३०

हा विषय आमच्या घरात रोजचा आहे म्हणून लिहितेय. आमची मोठी बारा वर्षांची, आठवड्यात वीस तास जिममध्ये असते, फी चा आकडा लिहीत नाही कारण सासूबाई इथल्या वाचक आहेत. नवऱ्याचं स्वप्न असं की ही इंडियाकडून खेळेल. अमेरिकेच्या टीममध्ये नंबर लागणं म्हणजे आयआयटीचा पहिला रँक, पण इंडियाकडून काय हरकत आहे, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे की. तर चौकशी केल्यावर कळलं की नाही चालत. कुणाला नक्की माहिती आहे का?

वेताळ_टेकडी | ६ ऑगस्ट २०२४, १०:१५

नाही चालत. ओसीआय म्हणजे नाव सिटिझन असलं तरी नागरिकत्व नाही, तो मोठा व्हिसाच. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आणि २००८ मध्ये क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच पाहिजे. त्याआधी प्रकाश अमृतराज अमेरिकन पासपोर्टवर आपल्याकडून डेव्हिस कप खेळायचा, तो त्यामुळे बाहेर पडला. म्हणजे कायलियाची केस भारतात घडूच शकत नाही. अल्जेरिया म्हणाला फ्रेंच पासपोर्ट असू दे, आमचा पण घे. आपण म्हणतो आधी तिकडचा ठेव टेबलावर.

ठेवणारे पण झालेत. फुटबॉलर आराता इझुमी आठवतो का? वडील गुजराती, आई जपानी, आधी महिंद्रा युनायटेड मग पुणे एफसी, बालेवाडीला त्याला खेळताना मी बघितलंय. जपानी पासपोर्ट सोडला आणि २०१३ ला भारताकडून खेळला. जपानी पासपोर्ट सोडणं म्हणजे काय असतं ते व्हिसाच्या लायनीत उभं राहिलेल्याला विचारा.

बे_एरियाची_बाय | ६ ऑगस्ट २०२४, १०:४०

मुलीचा अमेरिकन पासपोर्ट सोडायचा? सासूबाई सोडा, माझी आईच मला घरात घेणार नाही.

सोलापुरी_चादर | ६ ऑगस्ट २०२४, ११:०५

नियम बरोबर आहे असं माझं मत. आपल्याकडची दीपा करमाकर त्रिपुरातून आली, धड सामान नाही काही नाही, व्हॉल्टवर प्रोदुनोवा ही अवघड उडी मारली, रिओला चौथी, ब्राँझ हुकलं ०.१५० ने. १५.०६६ आणि १५.२१६. यंदा पॅरिसला आपली एकही जिम्नॅस्ट नाही. आता कॅलिफोर्नियातून वीस तास ट्रेनिंगवाली मुलगी आली की आगरतळ्याच्या मुलीची जागा गेली. बे एरियाच्या ताईंवर पर्सनल नाही, पण कुणाची तरी जागा जाते हे कुणी बोलतच नाही.

चिंचपोकळी_लोकल | ६ ऑगस्ट २०२४, ११:१८

+१. पण जागा होतीच कुठे? एकही गेली नाही म्हणताय ना.

पुस्तकी_किडा | ६ ऑगस्ट २०२४, १२:३०

चादरसाहेबांचा मुद्दा हवेतला नाही, घडलंय असं. त्रिनिदाद आणि टोबॅगो, २०१६. थेमा विल्यम्स त्यांची तिथलीच मुलगी, रिओच्या टेस्ट इव्हेंटला (ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेला) पोचली पण होती आणि ऐनवेळी तिला काढून कॅनडात जन्मलेल्या मरिसा डिकला उतरवलं. मरिसा रिओला गेली. थेमा कोर्टात गेली आणि केस जिंकली, पण कोर्टात जिंकून ऑलिंपिक परत येत नाही. दोघींचीही चूक नव्हती असं मला वाटतं, पण बेटावर त्यावरून उभे आडवे दोन तट पडले.

उलटं उदाहरण फिलिपिन्स. पॅरिसला त्यांच्या तीन मुली, आलिया फिनेगन, एमा मलाबुयो, लेवी रुइविवार, तिघी अमेरिकेत वाढलेल्या. १९६४ नंतर पहिल्यांदा फिलिपिन्सच्या मुली ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्समध्ये दिसल्या. तिथे कुणाची जागा गेली म्हणायची, साठ वर्षं जागा रिकामीच होती. आणि त्यांचा कार्लोस युलो मनिलाच्या गल्लीतला, त्याने शनिवारी आणि रविवारी मिळून दोन गोल्ड घेतले, फ्लोअर आणि व्हॉल्ट. म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

खवट_शेंगदाणा | ६ ऑगस्ट २०२४, १३:००

तेच तर. 'अमेरिकेत नंबर लागला नाही म्हणून आजीचा देश'. याला सोय म्हणतात. सोय वाईट नाही, मी पण फास्टटॅग वापरतो. पण त्याला मातृभूमी म्हणू नका.

उंच_माझा_झोका_घरचा | ६ ऑगस्ट २०२४, १३:४५

सोय??? हूरी गेबेशियानबद्दल वाचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला जन्मलेली आर्मेनियन वंशाची मुलगी, कॉलेजनंतर खेळ सोडला होता, क्लीव्हलंडला हॉस्पिटलच्या बाळंतपणाच्या विभागात फिजिशियन असिस्टंटची नोकरी, आणि नोकरी करता करता परत सुरू केलं, आर्मेनियाकडून रिओला गेली. पदरचे पैसे घालून. फायनल नाही मेडल नाही, पण बारवर चढायची एक पद्धत तिच्या नावाने नियमपुस्तकात आहे.

आणि डनुशिया फ्रान्सिस. ब्रिटनची, वडलांकडून जमैकन. टोकियोच्या आधी ऐन सरावात गुडघा गेला, तरी उतरली, पट्टी बांधून, बारवर मोजून एक-दोन गोष्टी केल्या. सफाईला ९.०३३ मिळाले आणि अपुरा सेट म्हणून कापाकापी होऊन एकूण ३.०३३. हसत हसत उतरली. यात सोय कुठली दिसते तुम्हाला?

खवट_शेंगदाणा | ६ ऑगस्ट २०२४, १३:५८

डनुशियाबाईंना सलाम. मागे घेतो. अर्धं.

बंडू_नव्हे_खंडू | ६ ऑगस्ट २०२४, १४:२०

जून महिना आठवा मंडळी. अमेरिकेत टी-ट्वेंटी वर्ल्ड कप. सौरभ नेत्रावळकर, आपला मुंबईचा, २०१० ला भारताच्या अंडर-नाइन्टीनमध्ये होता, आता ओरॅकलमध्ये इंजिनियर. आधी पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून जिंकून दिलं, मग आपल्याविरुद्ध विराटला शून्यावर काढलं आणि रोहितला पण. आणि आपण काय केलं? माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर 'मराठी पोरगा!!' म्हणून फटाके. विराट आउट झाल्याचं दुःख कुणालाच नाही. एजाज पटेलने वानखेडेवर आपल्या दहाच्या दहा विकेट काढल्या २०२१ ला, त्याचा जन्म मुंबईचा, आपण उभं राहून टाळ्या वाजवल्या.

म्हणजे आपला माणूस दुसऱ्याच्या झेंड्याखाली जिंकला तर तो आपला. दुसऱ्याचा माणूस वडलांच्या झेंड्याखाली जिंकला तर सोय. शेंगदाणेराव, तुमचं उरलेलं अर्धं पण द्या इकडे.

चिंचपोकळी_लोकल | ६ ऑगस्ट २०२४, १४:२२

😂😂 मारला सिक्सर

बे_एरियाची_बाय | ६ ऑगस्ट २०२४, २१:१०

मोहिनी भारद्वाज विसरलात का सगळे? वडील भारतीय, आई रशियन, २००४ अथेन्सला अमेरिकेच्या टीममध्ये सिल्व्हर. पैसे संपले होते तेव्हा पामेला अँडरसनने मदत केली होती, हो तीच बेवॉचवाली. मग २००८ बीजिंगला राज भावसार, अमेरिकेच्याच टीमचं ब्राँझ. म्हणजे मुलं आपली जातायत पुढे, फक्त आपल्याकडून नाही. आमच्याकडे कालपासून नवरा गप्प आहे, ओसीआयचं कळल्यापासून.

एक_होता_डुआयडी | ७ ऑगस्ट २०२४, ००:१५

दोन ओळखी असणाऱ्यांबद्दल एवढा आदर या संस्थळावर पहिल्यांदाच बघतोय. मला मात्र डुप्लिकेट आयडी म्हणून तीन वेळा ब्यान केलं.

संपादक_मंडळ | ७ ऑगस्ट २०२४, ०८:००

चौथ्यांदाही होईल.

वेताळ_टेकडी | ७ ऑगस्ट २०२४, १०:५०

एक वेगळी बाजू. इस्रायलचा आर्तेम दोल्गोप्यात, टोकियोला फ्लोअरवर गोल्ड, त्यांचं जिम्नॅस्टिक्समधलं पहिलं. जन्म युक्रेनचा, वडलांकडून ज्यू म्हणून इस्रायलने नागरिकत्व दिलं. पण धर्माच्या नियमाप्रमाणे ज्यू आईवरून ठरतो, आई ज्यू नाही, म्हणून त्याला त्याच देशात लग्न करता येईना. गोल्ड आणल्या दिवशी आईने रेडिओवर हे बोलून दाखवलं आणि देशभर चर्चा झाली. झेंडा वर चढवायला चालतो, लग्नाला चालत नाही. तेव्हा आजोबांच्या देशाने 'ये' म्हटलं म्हणजे पूर्ण 'ये' म्हटलंच असं नसतं.

सोलापुरी_चादर | ७ ऑगस्ट २०२४, ११:१५

तिथलं सरकार तर...

(प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक_मंडळ | ७ ऑगस्ट २०२४, ११:३०

धागा जिम्नॅस्टिक्सचा आहे. धाग्याचा काश्मीर, म्हणजे राजकीय वाद, करू नये. गाझाही करू नये.

तूरडाळ | १० ऑगस्ट २०२४, १३:२०

काल रात्री इमान खलीफने बॉक्सिंगचं गोल्ड घेतलं, अल्जेरियाचं दुसरं. ती तिआरेतची, तिकडेच वाढलेली, लहानपणी भंगार विकून, भाकरी विकून बसभाड्याचे पैसे जमवले अशी. वरच्या काकूंकडे काल पंधरावीस माणसं होती. मी चिवडा घेऊन गेले, दुसरं काहीच नव्हतं घरात.

तिथे मी मुद्दाम विचारलं काकूंना, मोडक्या फ्रेंचमध्ये, की तुमची जास्त कोण, इमान का कायलिया? कारण आपल्या धाग्यावर चाललंच होतं. त्यांना प्रश्नच कळला नाही आधी. मग सून म्हणाली, ही म्हणतेय की एक तिकडची आणि एक इकडची. तर काकू म्हणाल्या मी कुठली आहे मग? आणि चिवड्यात शेंगदाणे कमी आहेत म्हणाल्या.

खवट_शेंगदाणा | १० ऑगस्ट २०२४, १३:३१

बघा, मागणी आहे.

उकडीचा_मोदक | १० ऑगस्ट २०२४, १३:४०

🤣

वेताळ_टेकडी | १६ नोव्हेंबर २०२५, १८:२५

धागा वर काढतोय, दोन कारणं.

एक, गेल्या महिन्यात जकार्ताला वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, कायलियाला बार्सवर गोल्ड (१५.५६६) आणि बीमवर सिल्व्हर. दोल्गोप्यातला मात्र जाताच आलं नाही, इंडोनेशियाने इस्रायलच्या टीमला व्हिसाच दिला नाही, संपादकांनी घाबरू नये मी एवढंच लिहून थांबतोय. दीपाने गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये निवृत्ती घेतली, पण त्याआधी मे मध्ये ताश्कंदला एशियन चॅम्पियनशिपचं व्हॉल्टचं गोल्ड घेऊन. तेही इथे कुणी लिहिलं नव्हतं.

दोन, रायन विल्यम्स. बेंगळुरू एफसीचा फुटबॉलर, ऑस्ट्रेलियन, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सोडला आणि भारताचा घेतला. इझुमीनंतर हा.

बंडू_नव्हे_खंडू | १६ नोव्हेंबर २०२५, १८:४०

आई मुंबईची म्हणजे आपलाच की! शेंगदाणेराव कुठे आहेत?

खवट_शेंगदाणा | १६ नोव्हेंबर २०२५, १९:०२

इथेच आहे. याने पासपोर्ट टेबलावर ठेवला, माझी काही तक्रार नाही. उरलेलं अर्धं मात्र अजून माझ्याकडेच आहे.

एरंडेल | १६ नोव्हेंबर २०२५, १९:३०

तूरडाळताई, लेक काय म्हणतेय? बार चालू आहेत ना? हँडस्टँड सरळ होतो का आता?

बे_एरियाची_बाय | १७ नोव्हेंबर २०२५, ०७:४५

आमच्याकडचा अपडेट: मोठी अजून खेळतेय, कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या मागे आहे. नवऱ्याने आता धाकट्याला बुद्धिबळाला घातलंय.

तूरडाळ | १७ नोव्हेंबर २०२५, ११:२०

एरंडेलकाका, सांगायला लाज वाटते पण तिने जिम्नॅस्टिक्स सोडलं जूनमध्ये. आता हँडबॉल. म्हणते तिथे पडलं तर कुणी मार्क कापत नाही. ग्रिपा कपाटात आहेत, द्यायच्या आहेत कुणाला तरी, दहा वर्षांच्या हाताच्या, एका बाजूची चामडी थोडी झिजलीये. फ्रान्समध्ये कुणाला हव्या असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

काकूंच्या नातीला विचारलं होतं, तिला लहान होतात.